'व्हेरी' या शब्दाची किंमत

इंग्रजीतील 'व्हेरी' हा शब्द लॅटिनमधील 'वेरुस', म्हणजे 'खरा', या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. आरंभी त्याचा अर्थही 'खरा' असाच होता. 'फार', 'अतिशय' हे अर्थ मागाहून चिकटले. आपल्या प्रशासनात मात्र त्याला तिसराच अर्थ आहे : पदोन्नती.

वार्षिक गोपनीय अहवालात 'आउटस्टँडिंग', 'व्हेरी गुड', 'गुड', 'ॲव्हरेज' अशी प्रतवारी असे. शब्दकोशाप्रमाणे 'गुड' ही प्रशंसाच. परंतु वरच्या पदासाठी किमान प्रत 'व्हेरी गुड' ठरली, की 'गुड' लिहिणे म्हणजे वाट अडवणे होते. आणि वरकरणी तो प्रतिकूल शेरा नसल्याने संबंधिताला कळवलाही जात नसे. सीमा रस्ते सेवेतील कार्यकारी अभियंता देव दत्त यांच्या पाच वर्षांच्या अहवालांपैकी १९९३-९४ या एकाच वर्षी 'व्हेरी' नव्हते. तेवढ्याने त्यांचे अधीक्षक अभियंतापद हुकले. ते निवृत्त झाल्यावर, २००८ साली, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद कळवलीच पाहिजे असा निर्णय दिला. शेरा प्रतिकूल आहे की नाही हे त्याच्या परिणामावरून ठरते, हे त्यातील मर्म.

हे पाप माझ्याही हातून घडले आहे. नोकरीच्या सुरुवातीस एका कष्टाळू अधिकाऱ्यांच्या अहवालात मी 'गुड' लिहिले, ते चांगले होते म्हणूनच! त्यांची पदोन्नती हुकली, हे मला फार उशिरा, दुसऱ्यांकडून कळले. ते स्वतः एका शब्दानेही बोलले नाहीत. तेव्हापासून मी सरसकट 'व्हेरी गुड' लिहू लागलो, आणि खरोखरच अतिशय चांगल्या माणसासाठी माझ्याकडे शब्द उरला नाही.

मे २००९ च्या आदेशाने केंद्र शासनात संपूर्ण अहवाल दाखवला जाऊ लागला. पुढे दहापैकी गुणही आले. नऊ-दहा गुण द्यायचे तर विशिष्ट कामगिरी नमूद करावी लागते. सहा ते आठच्या मधल्या 'व्हेरी गुड'ला अशी अट नाही. गुप्तता गेली, शब्दाची स्वस्ताई राहिली. त्यातच २०१६ साली, सातव्या वेतन आयोगानंतर, सुनिश्चित प्रगती योजनेचा लाभही 'गुड'ऐवजी 'व्हेरी गुड'वर नेला गेला. साध्या लिपिकालाही आता 'व्हेरी' हवेच. माझ्या मते या लाभासाठी 'गुड' पुरे मानावे. आणि जेथे 'व्हेरी' लिहायचे तेथे निदान एका कामाचा उल्लेख सक्तीचा करावा.

यंदा मी आपणहून तसे करून पाहिले. दोन अहवालांत लिहिण्याजोगे काही सापडेना. तरीही त्यांतील 'व्हेरी' खोडण्याचे धैर्य मला झाले नाही.