चूड लावाल त्याच दिवशी गोळी खोचा!

कोकणातल्या भातशेतकरी बंधू-भगिनींनो, आणि लावणीसाठी मुंबईहून गावी आलेल्या चाकरमान्यांनो,

तरवा काढणीला आला आहे. पंधरा दिवसांत खाचरे लावून होतील. पुढे सांगितलेले मुख्य काम लावणीच्या दिवशीच करायचे आहे. तो दिवस हुकला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे लागेल.

दरवर्षी आपण चूड हाताला येईल तशी लावतो आणि मग साचलेल्या पाण्यात युरिया फेकतो. त्यातला बराच नत्र हवेत उडतो. जोराची सर आली की उरलेला बांधावरून ओहोळात जातो. भात पिवळे दिसले की पुन्हा युरिया आणायला पळतो. पैसा आपला, खत ओढ्याला!

यावर कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री लागवडीचा मार्ग दाखवला. त्यातले आत्ता हाती असलेले एवढे तरी करा :

• चिखलणी बाकी असेल, तर आठवडाभर आधी गुंठ्याला 30 किलो गिरिपुष्पाचा पाला पसरा.

• दोरीवर 15 आणि 25 सेंटीमीटरच्या आलटून-पालटून खुणा करा. चुडात दोन-तीनच रोपे, तीही उथळ लावा. खोल गाडलेल्या रोपाला फुटवे कमी येतात.

• 15 सेंटीमीटरवरच्या चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी चार बोटे खोल खोचा. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे सुमारे 1.7 किलो खत पुरते. चिखलात गाडलेला नत्र मातीला धरून राहतो आणि मुळांना हळूहळू मिळतो. वरून पुन्हा युरिया फेकू नका.

पाणी झिरपून जाणाऱ्या रेताड खाचरात मात्र या गोळीचा भरवसा धरू नका.

गोळ्या खोचायला माणूस जास्त लागतो, हे खरे. म्हणूनच चाकरमान्यांनो, तुम्हाला हाक. लावणीत बायकांचा हात तुम्हाला गाठता येणार नाही. पण गोळ्यांची पाटी घेऊन त्यांच्या मागून चालता येईल. 25 सेंटीमीटरची मोकळी वाट त्यासाठीच आहे.

सगळे शेत नको, यंदा एकच खाचर असे लावा. शेजारचे नेहमीसारखे ठेवा. कापणीला दोन्हींचे भात वेगळे झोडा, वेगळे मोजा. पुढच्या वर्षीचा निर्णय त्या मापावर घ्या.

आपलाच,
बांधापलीकडचा एक शेतकरी