क्षमा करावी, पण जॉबकार्डही जपावे



नव्या गाडीत इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो. सर्व्हिस सेंटरवाले तो तेवढ्यापुरता घालवतात आणि शेवटी म्हणतात, "हे वॉरंटीत बसत नाही." हा अनुभव आम्हीही घेतला आहे. अशा वेळी आपल्यातले पुष्कळजण सल्ला देतात, "जाऊ द्या, ख्रिस्ती माणसाने भांडू नये." हे आम्हाला पटत नाही.

वॉरंटी म्हणजे दिलेला शब्द. तो पाळा म्हणणे हे भांडण नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील 18 व्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते. तो दाखला प्रार्थनेविषयी आहे खरा, पण न्याय मागितला म्हणून प्रभू येशू तिला दोष देत नाही.

म्हणून दरवेळी जॉबकार्डावर तक्रार नीट लिहून घ्यावी, प्रत जपावी, नकार लेखी मागावा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही 2 वर्षांच्या आत दाद मागता येते.

मात्र काउंटरवरच्या मुलावर ओरडू नये. वॉरंटीचे नियम त्याने केलेले नाहीत, आणि बोलणी दोन्हीकडून तोच खातो. क्षमा म्हणजे मनात डूख न धरणे. खोट्याला खरे म्हणणे नव्हे. आपण गप्प बसलो, तर तोच दोष उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी पदरी पडेल. शेजाऱ्यावरची प्रीती कधी कधी लेखी तक्रारीतूनही करावी लागते.