सावकाश होऊ द्या

पंगत बसावी, तूप वाढून व्हावे, आणि यजमानाने हात जोडून म्हणावे, "सावकाश होऊ द्या!" आपल्या मराठी पाहुणचारातील हे तीन शब्द मला फार आवडतात. परंतु अलीकडे मनात एक प्रश्न येऊ लागला आहे. सावकाश होते ते कोणाचे? पाहुण्यांचे होते, हे खरे. यजमान मात्र ओळींतून फिरत असतो आणि यजमानीण तव्यापाशी उभी असते. तिचे जेवण सर्वांच्या मागून, गार झालेल्या आमटीशी आणि बहुधा दहा मिनिटांत उरकलेले. माझ्या आईला पाहुण्यांच्या पंक्तीस बसलेली मी एकदाही पाहिली नाही. तिची कधी तक्रार नव्हती. पण तक्रार नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे आपण फार सोयीस्करपणे धरून चाललो.

हे सर्व आठवण्याचे कारण म्हणजे आपल्या घराघरांतून आलेली 'इटालियन जेवणा'ची टूम. वडीलधारी मंडळी तिच्याकडे पाहून नाक मुरडतात. तरुण मंडळी बाजारातून पुडकी आणि बाटल्या आणतात, सर्व पदार्थ एका मेजावर मांडतात आणि पाहुण्यांच्या हाती ताटली देऊन मोकळी होतात. पाहुणे भिंतीला टेकून, एका हाताने खात, दुसऱ्या हाताने फोन पाहात जेवतात. याला इटालियन म्हणणे हा इटलीवर अन्याय आहे. ते बुफे झाले, आणि बुफेत यजमानीण बसत नाही ती नाहीच, वर पाहुणेही बसत नाहीत!

बडोदेकरांना इटलीचे वावडे असण्याचे खरे म्हणजे कारण नाही. १८९० साली पुऱ्या झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलची फरशी व्हेनिसच्या धर्तीच्या मोझेकची आहे, आणि वाड्यातील कितीतरी शिल्पे फेलिची या इटालियन शिल्पकाराच्या हातची आहेत. सयाजीरावांनी बाहेरचे पुष्कळ आणले, पण ते पारखून आणि येथे शोभेल असे पाहून आणले. जेवणाच्या बाबतीत आपण तेवढेच करावे, अधिक नाही.

तर मग इटालियन रीतीत पारखण्यासारखे काय आहे? माझ्या मते पदार्थ दुय्यम आहेत, क्रम महत्त्वाचा आहे. आपले ताट हा एक नकाशा असतो. मीठ-लिंबू वर, चटण्या-कोशिंबिरी डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये भाताची मूद. सर्व एकाच वेळी समोर. डोळ्यांना ते सुंदर दिसते यात वाद नाही. परंतु ताट भरले की गरम पोळीची आणि दुसऱ्या वाढपाची धावाधाव सुरू होते. इटलीत एका वेळी एकच गोष्ट येते. आधी तोंड चाळवण्यापुरते काही. त्याला तिकडे अंतिपास्तो म्हणतात, म्हणजे शब्दशः 'जेवणाआधीचे'. मग लहानशा वाढपाने पास्ता किंवा भात. मग मुख्य पदार्थ आणि सोबत भाजी. शेवटी फळ, थोडे गोड आणि दुधाविना कॉफी. दोन पदार्थांच्या मध्ये जी मोकळी जागा राहते, तीत खरे जेवण होते. ख्याल गाणारा विलंबितात जसा एकेका स्वरापाशी थांबतो, तसे. तबलजीला घाई नसते आणि श्रोत्यांनाही नसते.

किराणा घराण्याची उपमा सुचली त्याला कारण आहे. ही रीत मी उत्तम रीतीने वठलेली पाहिली ती त्या घराण्याच्या मुलखात, हुबळीला लागून असलेल्या उणकलला. भाचीचे बिऱ्हाड तेथे आहे. एकीकडे उणकलचा मोठा तलाव, गावात चंद्रमौळीश्वराचे चालुक्यांच्या शैलीतील दगडी देऊळ आणि त्यातले चतुर्मुख लिंग. रविवारची संध्याकाळ होती. पाहुणे आठ. त्यांत दोन घरे कानडी, एक आपल्यासारखे मराठी. भाचीने मला आधीच बजावले होते, "मावशी, आज तुम्ही स्वयंपाकघरात यायचे नाही. मीही जाणार नाहीये." मला वाटले, बाहेरून मागवले असेल. तसे नव्हते.

अंगणात सतरंजी अंतरली होती. प्रथम आले गिरमिट. कांदा, टोमॅटो आणि चिंच शिजवून केलेला मसाला चुरमुऱ्यात कालवून वर डाळ्याचे पीठ भुरभुरलेले हे खाणे हुबळी-धारवाडकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. अंतिपास्तोला याहून चांगले काय असणार? अर्धा तास त्यातच गेला. मग जावयाने आत जाऊन पाणी उकळत ठेवले. त्या रात्री चुलीपाशी झालेले काम एवढेच. उकळत्या पाण्यात त्याने जे सोडले ते पाहून मी चकित झाले. ते चक्क नखुले होते!

ज्या घरांतून अजून रुखवत होते तेथे नखुले, मालत्या, गव्हले हे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत. लग्नाआधी दुपारच्या वेळी बायका जमत, भिजवलेल्या रव्याचे इवलेसे तुकडे नखावर, बोटावर, फणीवर वळत, आणि त्यांची पुढे खीर होई. इटलीच्या दक्षिणेस बारी नावाचे बंदर आहे. तेथील जुन्या गावात बायका आजही दारापुढे बसून अंगठ्याने 'ओरेक्किएत्ते' वळतात. अर्थ, इवलेसे कान. पीठ, पाणी आणि अंगठा, एवढेच सामान. आपल्या आज्यांना तेथे नेऊन बसवले असते तर त्यांना कोणी परके म्हटले नसते. ही विद्या मार्को पोलोने चीनहून आणली अशी एक कथा सांगतात ती मात्र खरी नाही. मार्को पोलो १२९५ साली व्हेनिसला परतला. सिसिलीत पिठाच्या सुकवलेल्या शेवया करून गलबतांनी बाहेर धाडल्या जात, असे अल् इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ सालीच लिहून ठेवले आहे.

भाचीचे नखुले खपली गव्हाचे होते. तो लाल, सालासकट राहणारा गहू बेळगाव-धारवाडकडे आणि सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही काढले आहेत. हाच गहू इटलीत 'फार्रो' या नावाने प्रतिष्ठेने खातात, आणि इकडे पुण्या-मुंबईच्या दुकानांतून पाकिटात भरून महाग विकतात. त्याच्या पिठाला ताण कमी असतो, म्हणून हात जरा धीराने चालवावा लागतो. आपणांस खपली सहज मिळाली नाही तरी भाल प्रांतातला दाऊदखानी गहू आहेच. तो जातीने दुरम, म्हणजे ज्या गव्हाचा इटलीतला सुका पास्ता होतो त्याच कुळीतला. लापशीला चालतो तो नखुल्यांना का चालू नये? पाण्याचे इटालियन प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ.

वरचा टोमॅटोचा रस सकाळीच करून ठेवलेला होता. लसूण, तेल, थोडी ब्याडगी मिरची, कारण ती रंग देते पण जीभ पोळत नाही. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही मूळची अमेरिकेची. इटलीलाही उसनी आणि आपल्यालाही, तेव्हा त्यांच्यावरून कोणी कोणाला हिणवू नये. रसावर हिरवी पाने होती. शेजारच्या अज्जींनी घाबरून विचारले, "तुळशी हाकिद्दीर्‍येनु?" तुळस घातलीत की काय, असे त्या विचारीत होत्या. तुळस नव्हती, सब्जा होता. ज्याचे बी आपण उन्हाळ्यात सरबतात घालतो तेच हे झाड, आणि इटालियन स्वयंपाकातले सुप्रसिद्ध बेझिल तेच. तेव्हा वृंदावनाला हात लावण्याची मुळीच गरज नाही. चीजबद्दल मात्र शाकाहारी घरांना सावध करणे माझे कर्तव्य आहे. अस्सल 'पार्मिजानो'त वासराच्या जठरातील रेनेट घातलेले असते, नियमच तसा आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी वेष्टण वाचावे, अथवा भाचीप्रमाणे शेंगदाण्याचे भरड कूट भुरभुरावे. मला तर तेच आवडले.

मुख्य पदार्थ म्हणून भरल्या वांग्यांचे एण्णगाई आणि कडक भाकरी. येथे मला त्या मुलखातील बायकांचे शहाणपण दिसले. ज्वारीची ही पातळ भाकरी चार-चार दिवस आधी करून चळत रचून ठेवतात, ती बिघडत नाही. सार्डिनियातील धनगर 'पाने कारासाऊ' नावाची अशीच पातळ कुरकुरीत रोटी महिनोन्‌महिने बाळगतात. 'तव्यावरची पानात' या आपल्या हट्टापायी एक बाई जन्मभर पंक्तीबाहेर राहते, हे आपल्या ध्यानात येत नाही. गरम पोळी गोड लागते, मान्य. पण तिची किंमत कोण देते, ते एकदा पाहावे.

शेवटी धारवाडी पेढा आणि पेरू. दोन्ही विकतचे, आणि त्याची कोणाला लाज नव्हती. साडेसातला बसलेली मंडळी साडेदहाला उठली. एवढा वेळ भाची आमच्यात बसून होती, जेवत होती, वाद घालीत होती. तिला कर्नाटकातील मराठी शाळांविषयी बरेच बोलावयाचे असते, हे मला त्या रात्री प्रथम कळले. यापूर्वी तिच्या घरी मी चारदा तरी जेवले असेन.

कोणी म्हणेल, मग आग्रहाचे काय? आग्रह गेला तर मराठी पाहुणचारात उरले काय? मलाही आग्रह हवा आहे. इटलीतल्या आज्याही "खा, खा" म्हणून पाहुण्यांना बेजार करतात, आणि खरे सांगायचे तर त्याही पिढ्यान्‌पिढ्या चुलीपुढेच राहिल्या. मी त्यांच्या समाजाची आरती ओवाळीत नाही. मी एवढेच म्हणते की आग्रह शेजारी बसूनही करता येतो. उलट तो अधिक खरा वाटतो, कारण करणाऱ्याच्या पानात तोच पदार्थ असतो. श्राद्ध-पक्ष, कुळाचार, मुंजी-लग्ने यांतील पंगत जशी आहे तशीच राहो. तिची शिस्त तिच्या जागी योग्य आहे. मी बोलते आहे ते महिन्यातून एखाद्या वेळी सहा-आठ माणसांना घरी बोलवण्याविषयी.

बडोद्यास परतल्यावर हे सर्व आमच्या वहिनींना सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे हो वन्सं, पण मीच बसले तर भाताकडे कोण पाहील?" म्हटले, भात आधी उतरवून दुपट्यात गुंडाळून ठेवू. "आणि वाढील कोण?" म्हटले, भाऊ वाढील. त्यावर भाऊने वर्तमानपत्र जरा वर धरले. पुढच्या रविवारी चार घरे बोलावली आहेत. नखुले मी वळते आहे.