बोटीची मोटार मोबाइलवर मागवताना

हल्ली खेडोपाडी खरेदीची तऱ्हा पार बदलून गेली आहे. फवारणीचा पंप, कडबाकुट्टीचं पातं, ठिबकचं सामान, सगळं मोबाइलवर मागवता येतं आणि चार-आठ दिवसांत वेशीवर येऊन पडतं. यात वाईट काही नाही. दुकानदार सांगेल तोच भाव, हा काळ मागे पडला हे शेतकऱ्याच्या दृष्टीने बरंच झालं. पण उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावांत आता होडीला लावायची मोटारही याच वाटेने मागवण्याचा विचार होऊ लागला आहे, आणि तिथे हिशेब वेगळा आहे. शेतातला पंप बिघडला तर पाण्याची एक पाळी चुकते. होडीची मोटार बिघडते तेव्हा माणूस पाण्याच्या मध्यावर असतो.

मोटारीची गरज खरी आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. सुमारे ११७ टीएमसीच्या या जलाशयाने दुष्काळी मुलखाला ऊस दिला, पण काठावरची गावं एकमेकांपासून तोडली. करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि इंदापूर तालुक्यातलं कळाशी समोरासमोर दिसतात, रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो. मासेमारी करणारे, पलीकडे नातीगोती असणारे, पाणी ओसरलं की मोटारपंप पुढे ढकलायला जाणारे शेतकरी, सगळ्यांना पाण्यावरूनच जवळ. पूल होतील तेव्हा होतील, तोवर वल्हं मारून खांदे मोडण्यापेक्षा मोटार बरी, असं कोणालाही वाटणार.

पण हे पाणी तळ्यातलं असलं तरी गरीब नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. ती दुर्घटना वाऱ्याने झाली, मोटारीच्या दोषाचं उदाहरण म्हणून मी ती सांगत नाही. सांगायचं एवढंच, की वळवाच्या दिवसांत इथे वारा कधी उठेल याचा नेम नसतो, आणि अशा वेळी मोटार बंद पडली की होडी वाऱ्याला आडवी होते. मग ती किती हजार स्वस्त मिळाली होती, याला काही अर्थ राहत नाही.

मोबाइलवर साधारण तीन प्रकारचा माल दिसतो. पहिला म्हणजे हवेवर थंड होणारी लहान पेट्रोल मोटार. ही बहुधा गवत कापायच्या यंत्राचंच इंजिन असतं, खाली दांडा आणि पंखा जोडलेला. जाहिरातीत सीसीचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, खरी अश्वशक्ती शोधावी लागते. काहींना मागे जाण्याचा गिअरच नसतो. एकट्या माणसाच्या हलक्या होडीला, काठाकाठाने, ती चालून जाईल. पाच माणसं आणि दोन मोटारसायकली पलीकडे न्यायला ती नाही.

दुसरी बॅटरीवरची मोटार. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोल नाही म्हणून मन लगेच ओढ घेतं. पण गणित करून पाहा. बारा व्होल्टची, ५० अँपिअर ओढणारी मोटार म्हणजे ६०० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आपल्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप असतो, आणि इथे एकसुद्धा पुरी नाही. शंभर अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण वेगात कागदावर दोन तास चालेल. साधी ॲसिडची बॅटरी दर वेळी तळाशी नेली तर लवकर मरते, म्हणून भरवशाचा तासच धरावा. समोरून वारा असेल तर तोही अपुरा पडतो.

तिसरा प्रकार नामांकित कंपनीच्या मोटारीचा, पण जुन्या किंवा भलत्याच वाटेने आलेल्या. इथे फसगत मोठी होते. मोटारीच्या कंसावर नंबराची पट्टी असते. ती खरवडलेली असेल किंवा विकणारा तिचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पुढे बोलूच नये. दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनलेल्या मोटारीची वॉरंटी इथला विक्रेता मानेलच असं नाही. पैसे पाठवण्याआधी तो नंबर कंपनीला कळवून विचारून घ्यावं.

माल खरा असला तरी मापाचा घोळ राहतो. मोटारीचा दांडा साधारण पंधरा इंची किंवा वीस इंची येतो. आपल्या होडीची मागची फळी वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजावी आणि त्याच मापाचा दांडा घ्यावा. आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, नुसता गरगर फिरतो. लांब झाला तर काठाशी गाळात रुततो. दुकानात उभं राहिलं की मिस्त्री हे आपणहून विचारतो. मोबाइल विचारत नाही.

आणि परत करू म्हणाल, तर तेही वाटतं तितकं सोपं नाही. मोटार चालते की नाही हे पेट्रोल ओतल्याशिवाय कळत नाही, आणि पेट्रोलचा वास लागलेलं यंत्र परत न्यायला कुरिअरवाले कुरकुर करतात.

आता मुख्य मुद्दा. उजनीचं पाणी उन्हाळ्यात वजा टक्क्यांत जातं, हे आपल्याला नवं नाही. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. पण मंदिर दिसतं, पाण्याखाली हातभर बुडालेली जुनी जोती, झाडांची खोडं आणि बांध दिसत नाहीत. पंखा त्यावर आदळणार, जाळ्यात अडकणार, हे धरूनच चालावं. अनेक लहान मोटारींत पंखा आणि दांडा यांच्यामध्ये एक मऊ पिन असते. मार बसला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. पाण्यावर थंड होणाऱ्या मोटारीत पाणी ओढणारं रबरी चक्र असतं, ते गाळाने झिजतं. मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबली की मोटार ताबडतोब बंद करायची, नाहीतर इंजिन जळतं. ही पिन, हे चक्र किमतीला किरकोळ. पण त्या मोटारीच्याच मापाचं मिळालं नाही तर अख्खी मोटार भंगार.

समजा, मोबाइलवर मोटार अठरा हजारांनी स्वस्त मिळाली. तेवढ्या पैशात सुटा भाग शोधायला पुण्याच्या दोन चकरा, पंधरा दिवसांची बुडालेली मासेमारी आणि शेवटी मिस्त्रीने हात वर करणं, हे सगळं बसतं का? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ नये. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी मिस्त्री ठरवा, मग मोटार. जी मोटार एका दिवसात जाऊन-येऊन दुरुस्त होते आणि जिचे सुटे भाग मिळतात, तीच आपली. मग ती दुकानातून घ्या नाहीतर मोबाइलवरून. दुकानदारही काही संत नसतो, आणि तालुक्याच्या बाजारात पंपांची दुकानं ढीगभर असली तरी बोटीच्या मोटारीचं सहसा नसतं, याचीही मला कल्पना आहे. भाव समजून घ्यायला आणि सुटे भाग मागवायला मोबाइल उत्तमच.

मागवायचीच असेल तर पैशाची काळजी घ्यावी. विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि पक्कं बिल हवंच. ‘आधी गाडीभाडं पाठवा, मग जीएसटी पाठवा’ अशी मागणी आली की समजावं, माल नाहीच. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झाली तर त्याच घटकेला १९३० वर फोन करावा, उशीर झाला की पैसा हातचा जातो. खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवावा.

सदोष माल परत घेण्याची जबाबदारी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्यावर टाकली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी यंत्र घेणारा माणूसही या कायद्याने ग्राहकच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मात्र कायदा पैसे मिळवून देईल तो काही महिन्यांनी. बंद पडलेली होडी काठाला आणायला तो येत नाही.

शेवटी दोन शब्द गावकारभाऱ्यांसाठी. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी गावातल्या होड्यांची एक साधी वही ठेवावी: मालक कोण, मोटारीचा नंबर काय, जाकिटं किती. माणसं नेणाऱ्या यांत्रिक बोटीची तपासणी आणि नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली येते, हे मालकाला समजावून सांगावं. मच्छीमार सहकारी संस्थांनी एक करावं. प्रत्येकाने वेगळी मोटार मागवण्याऐवजी दहा जणांनी मिळून एकाच बनावटीच्या घ्याव्यात. भाव उतरतो, सुट्या भागांचा एक डबा संस्थेत ठेवता येतो आणि एखादा पोरगा दुरुस्ती शिकून तयार होतो.

आणि मोटार कितीही भारी असली तरी जाकीट अंगावर आणि वल्हं होडीत असल्याशिवाय दोर सोडू नये.