सैल झालेली वहाण

वहाण सैल झाली कीं पुष्कळ लोक ती फरफटत तशीच वापरतात. परंतु आमच्या उरणसारख्या समुद्रकांठच्या गांवीं, पावसाळ्यांत शेवाळलेल्या पायऱ्यांवर, अशी वहाण घरांतील वृद्धांस सहज पाडते. म्हणून हा विषय क्षुल्लक मानूं नये.

ज्या कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तिचें चामडें बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावतात. तें भिजलें म्हणजे मऊ पडून ताणतें आणि पायांतच वाळलें तर ताणलेलेंच राहतें. यास्तव भिजलेली वहाण काढून, पुसून सावलींत वाळवावी. चुलीजवळ ठेवल्यास चामडें आक्रसतें खरें, पण कडक होऊन त्यास तडे जातात. अति तेलानेंही पट्टा ढिला पडतो.

सैलपणा थोडा असल्यास तळ कागदावर आंखून पातळ चामड्याचा सुखतळा कापावा व मोच्याकडील सोल्यूशननें चिकटवावा; पाय उचलला जाऊन पट्टा नीट बसतो. माप सायंकाळीं पाहावें, कारण दिवसभरांत पाय किंचित् फुगतात. सकाळीं बेताचें बसविलेलें रात्रीं काचतें. अंगठाच सैल असेल तर मात्र घरीं खिळा न ठोकतां चर्मकाराकडून टांका घालून घ्यावा. त्याचें काम त्यासच साधतें.