जाऊ का राहू?

२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत बायकांची बैठक चालू होती. भाताची झोडणी उरकली होती. मी नेहमीप्रमाणे रोजगार हमीचा कायदा सांगत होते. काम मागा, तारखेची पोच घ्या, पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकार भत्ता मागा. भिंतीला टेकून बसलेली एकजण मध्येच म्हणाली, "ताई, पोच घेऊन बसू का नारायणगावला जाऊ? जीप परवा हाय."

मला उत्तर देता आले नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात स्थलांतरावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती, पण परवाच्या जीपबद्दल त्यात काही नव्हते.

कायदा पंधरा दिवस मागतो, आणि मजुरी हातात पडायला आणखी पंधरा. प्रत्यक्षात किती लागतात ते आपल्यातल्या प्रत्येक कार्यकर्तीला माहीत आहे. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहिले की शेतकरी गाडी घेऊन येतो आणि संध्याकाळी रोख पैसे देतो. कांद्याची लागण, द्राक्षबागेतली कामे, पुढे टोमॅटोची तोडणी. बाईची हजेरी गड्याहून कमी, हे तिथे कोणाला खटकतही नाही. १९७६ पासून समान वेतनाचा कायदा होता, आता तो वेतन संहितेत गेला आहे. अड्ड्यावर मात्र तो कधी आलाच नाही. तरीही कोरड्यासाला तेल आजच लागते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी बायका अडाणी आहेत म्हणून गाव सोडत नाहीत, त्या हिशेब करून सोडतात. धरणात ज्यांची जमीन गेली त्यांच्या सुना आज कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पिकलेल्या रानात रोजाने जातात, हाही त्याच हिशेबातला एक आकडा.

महाराष्ट्राने हा हक्क देशाच्या कितीतरी आधी मान्य केला होता. १९७२ च्या दुष्काळात योजना आली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या कायद्यात काम मागण्याचा हक्क गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला होता. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांनी मोर्चे काढून, तहसील कचेऱ्यांना घेराव घालून तो जिवंत ठेवला. मग २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि हमी 'कुटुंबाला शंभर दिवस' अशी झाली. शंभरच्या पुढचे दिवस राज्याने भरायचे ठरले हे खरे, पण हक्काची मोजणी माणसावरून घरावर गेली. हा फरक आपल्या मासिकांतूनही फारसा चर्चिला गेला नाही, याची मला खंत आहे. घराचे जॉबकार्ड म्हणजे कोणाचे? परित्यक्ता बाईचे नाव भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या कार्डावर अडकलेले असते. नवरा उचल घेऊन मोकळा झाला की बायकोने काम मागितलेले असले काय आणि नसले काय!

अमेरिकेतही 'कामाचा हक्क' या नावाचे कायदे आहेत, सव्वीस राज्यांत. तिथे त्याचा अर्थ काम मिळण्याचा हक्क असा नाही. युनियनची वर्गणी न भरता काम करण्याची मुभा, एवढाच. भांडवलदार शब्दही पळवतात. असो, आपल्याकडे शब्द शाबूत आहे, पण त्याच्या पोटातून काय काय काढून घेतले ते पाहा.

मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. आहुप्याच्या बाजूला फोटो पाठवायला रेंज शोधत टेकाडावर चढावे लागते. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस शंभराचे सव्वाशे केले आहेत, तेही कुटुंबालाच. खर्चाचा चाळीस टक्के वाटा राज्यांवर टाकला आहे. पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. ही तरतूद कोणासाठी? "रोजगार हमीमुळे मजूर मिळत नाहीत" ही बागायतदारांची तक्रार जुनीच आहे. गावात काम निघालेले असले की अड्ड्यावर उभी असलेली बाई 'नाही' म्हणू शकते, दर वाढवून मागू शकते. नेमके ते 'नाही' काढून घ्यायचे आहे. राहिलेलीचा हक्क गेला की गेलेलीचा दरही पडतो, हे आपण नीट सांगायला हवे.

आता आपल्याकडे वळते. एकट्या बाईच्या पोचेने काम निघत नाही, संघटनेने निघते. किसान सभेने या दोन्ही तालुक्यांत मोर्चे काढून कामे मिळवली आहेत. शाश्वत संस्थेने पडकईची, म्हणजे डोंगरउतारावर भातखाचरे बांधण्याची, आदिवासींची जुनी रीत रोजगार हमीत आणायला लावली. बाई आपल्याच वावरात राबते आणि मजुरीही घेते, अशी कामे मला सर्वांत मोलाची वाटतात. पण आपली सगळी संघटना वाडीत असते. सभासदांची वही वाडीत, बैठक वाडीत, आणि निम्म्या सभासद नारायणगावच्या बाजूला उघड्यावर तीन दगडांची चूल मांडून, उसातल्या बिबट्याच्या भीतीने लेकरे कुशीत घेऊन झोपलेल्या.

तिथे कायदा त्यांना ओळखतच नाही. १९७९ चा स्थलांतरितांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेतही स्थलांतरित म्हणजे परराज्यातून आलेला. एका तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात गेलेली बाई कोण? युनियन नोंदवायची तर १९२६ च्या कायद्यात सातजणी पुरत होत्या. २००१ च्या दुरुस्तीने शंभर किंवा दहा टक्के कामगार, यांतला कमी आकडा गाठावा लागू लागला. रोज नवा मालक असेल तिथे दहा टक्के कशाचे मोजायचे? पण याच महाराष्ट्रात हमालांनी १९६९ चा माथाडी कायदा मिळवला. त्यांनाही एक मालक नव्हता. मंडळात नोंद, मजुरी मंडळामार्फत, वर भविष्य निर्वाह निधी. नारायणगावच्या अड्ड्यासाठी असे मंडळ का नको? शेतमजूर विखुरलेले असतात हे उत्तर मला पटत नाही. अड्ड्यावर तर ते रोज सकाळी एकाच जागी उभे असतात.

काही मैत्रिणींना वाटते की स्थलांतर थांबवणे हेच आपले काम. मी सहमत नाही. नवऱ्याने टाकलेल्या एकीने मला सांगितले की नारायणगावात पहिल्यांदा तिने स्वतःच्या पैशांनी लुगडे घेतले, कोणाला न विचारता. तिला वाडीत परत डांबायचा अधिकार मला कोणी दिला? मात्र जिला आश्रमशाळेतली पोरगी काढून धाकट्याला सांभाळायला बरोबर न्यावी लागते, तिला राहता आले पाहिजे.

बैठकीतल्या त्या बाईने अर्जावर सही केली, पोच माझ्याकडे ठेवायला दिली आणि तिसऱ्या दिवशी जीपमध्ये बसली. सोबत मुलगी होती, इयत्ता सहावी. पाचव्या आठवड्यात वाडीत काम निघाले. हजेरीपटावर तिचे नाव होते, पुढे 'गैरहजर'. दिलेल्या कामावर आली नाही म्हणून बेकार भत्त्याचा हक्कही संपला, असे मला एका कार्यालयात ऐकवण्यात आले. पंधरा दिवसांवरच्या वीस दिवसांचे काय, यावर साहेबांनी फाईल मिटली.

पुढची बैठक आम्ही नारायणगावात ठेवली आहे. संध्याकाळी सातनंतर, कारण त्याआधी कोणी रानातून परतत नाही. स्वयंपाक तिथेच करायचा आहे, तेव्हा येणाऱ्या मैत्रिणींनी पीठ आणावे.