'शुगर बोर्ड' लागले, पण बिस्किटाचा पुडा वाचायचा कसा?

मे 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. पण साखरेचा खरा हिशेब पुड्याच्या मागे, बारीक अक्षरांत असतो. तो शिकवायला ऑनलाइन वर्ग उलट सोयीचा: मुलं घरातलाच पुडा कॅमेऱ्यासमोर आणतात.

आकडे बहुतेकदा 100 ग्रॅमचे असतात. त्यात 25 ग्रॅम साखर असेल, तर 60 ग्रॅमचा पुडा संपवला की 15 ग्रॅम, म्हणजे जवळपास चार चमचे पोटात. खरी गोम शेजारच्या टक्केवारीत आहे. एफएसएसएआयच्या नियमानुसार ती काढतात दिवसाला 2000 किलोकॅलरी आणि 50 ग्रॅम अतिरिक्त साखर धरून, तीही प्रौढांसाठी. सात वर्षांच्या मुलीला ती कशी लागू होणार?

चिलीत 2016 पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळे अष्टकोन छापतात, गुणाकार नकोच. आपल्या 2022 च्या मसुद्यात मात्र इशाऱ्याऐवजी तारे आले, हॉटेलांसारखे.